चिनीमातीचा हात

कांबळं बाजूला झालं आणि सगळं आवार एकदम पुढे सरकलं. मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या टेकवल्या, आयांनी पोरं डोक्याएवढी उंच धरली, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्यांनीही "आई गं!" म्हणून घेतलं. परातीतल्या पाण्यावर किडे तरंगत होते. पांढरे, तांदळाच्या कणीहून बारीक, शेपटी मुडपलेले. मघाशी हीच परात वाफेबाबानं चारी बाजूंना फिरवून दाखवली होती.

"पाणी बघा, पाणी! आहे काही त्यात? आपापली तोंडं तेवढी दिसतील, त्याला मात्र बाबाकडे इलाज नाही!"

तेव्हा लोक हसले होते. आता कुणी हसत नव्हतं.

ज्या बाईच्या हातातून हे किडे निघाले ती परातीपासून मागे सरकू पाहत होती. कारखान्यात तिला सगळे हसरी म्हणत. बोटापासून कोपरापर्यंत तिच्या हातावर गाठींची ओळ उठली होती, एकीखाली एक, माळेत ओवल्यासारखी. खालच्या गाठी फुटून वाहत होत्या, वरच्या अजून टणक आणि लालभडक होत्या, आणि मनगट सुजून पावासारखं फुगलं होतं.

"घाबरू नको बाळ," वाफेबाबा म्हणाला. तो स्वतः तिला शिवत नव्हता. शिवलं की किडा बाबाच्या अंगात शिरेल, असं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. "ही पिल्लं निघाली. किड्यालाही जीव असतो, त्याला हाकलायचं नाही, प्रेमानं बोलवायचं. पण यांची आई अजून आत बसलीय. गाठ-गाठ करत वर चढतेय. बगलेत पोचली की तिथून काळीज किती लांब? वीतभर! मी कोण? मी नुसती फुंकर. वाचवणारा वर बसलाय. म्हणा!"

आणि त्यानं पालुपद धरलं:

*ये रे बाहेर, सोड हे घर,*
*वाफेच्या वाटेनं जा दूरवर...*

पालुपद झेलणाऱ्यांत सगळ्यात पुढे मावशी होती. पॅकिंग खात्याची मुकादम. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, आणि गळा असा की भट्टीच्या पंख्यावरूनही ऐकू जावा. मावशीला ओढ एकाच गोष्टीची, देवाचं नाव गाऊन सांगणाऱ्या माणसाची. नवरा गेला त्या वर्षी ती उठली ती निरूपणं ऐकूनच. कुणीतरी गात गात देवाची गोष्ट सांगतं, मध्येच थांबतं, हसवतं, रडवतं, आणि ऐकणारा घरी जाताना आपलं ओझं तिथंच विसरून जातो. यात हसण्यासारखं काही नाही. ज्यानं हे अनुभवलंय त्याला पटवावं लागत नाही.

म्हणूनच वाफेबाबा मावशीला पहिल्याच दिवशी भावला. त्याचा गळा गोड होता. तेवढं त्याचं खरं होतं.

---

कारखाना चिनीमातीचा, पण कपबश्यांचा नव्हे. इथं हात बनत. रबरी हातमोजे करणाऱ्या कंपन्यांना साचे लागतात. चिनीमातीचा हात रबराच्या रसात बुडवायचा, वाळला की मोजा उलटा ओढून काढायचा. त्यामुळे पॅकिंग खात्यात शिरलं की नवं माणूस दचके. फळ्यांवर शेकडो पांढरे हात, मनगटावर उभे, बोटं वर करून, जणू सगळे एकदम हजेरी देताहेत. हसरी रोज आल्या आल्या त्यांना म्हणायची, "बसा, बसा, उभे का राहिलात?"

हे हात पेंढ्यात गुंडाळून खोक्यात भरायचे. काठ करवतीसारखे, जरा बेसावध राहिलं की कातडी सोलून निघे. म्हणून बायकांनी आपली एक युक्ती काढली होती. ओल्या पेंढ्याची वेणी घालायची आणि ती मनगटापासून वर गोल गोल बांधायची. तिला त्या कडं म्हणत. मावशीसारखं कडं कुणाला जमत नसे, घट्ट, सपाट, हलायला जागा नाही. पोरी हात पुढे करून ओळीनं उभ्या राहत आणि मावशी बांधून देई. यंदा छप्पर गळलं, कोपऱ्यातला पेंढा कुजल्यासारखा काळपट झाला. मावशीला उलट बरं वाटलं, मऊ पेंढ्याची वेणी चांगली बसते.

गाठी निघायला लागल्या त्या फक्त पॅकिंगच्या बायकांना. भट्टीवरच्या पुरुषांना नाही, मळणाऱ्यांना नाही. आधी बोटाला किंवा मनगटाला फोड, ती बरी होईना, मग तिच्यावर दुसरी, मग तिसरी. काहीतरी आतून वर सरकतंय हे डोळ्यांनाच दिसत होतं. किडा, दुसरं काय? आणि किडा चढतोय तर त्याची वाट अडवायला हवी. म्हणून बायकांनी शेवटच्या गाठीच्या वर आणखी एक कडं आवळायला सुरुवात केली. गाठ वर गेली की कडं वर. रात्रीसुद्धा सोडायचं नाही.

मावशीच्या सुनेच्या हातावर कोपराखाली असंच कडं होतं. मावशीनं स्वतः बांधलेलं. मुलगा कारखान्याच्या ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावरच. घरात या दोघीच, आणि सून या खात्यातली सगळ्यात चपळ हाताची. तिच्या उजव्या हातावर गाठी निघाल्या तेव्हापासून मावशीच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

सून मात्र गुपचूप कामगार दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टरीणबाईंनी गाठीतून सुईनं थोडा पू काढून घेतला.

"मग? काय म्हणाली?" मावशीनं विचारलं.

"म्हणाल्या, किडा असेलही, नसेलही. तपासल्याशिवाय सांगणार नाही. तो पू बशीत ठेवून काय उगवतं ते बघायचं. वेळ लागेल."

"उगवतं? बशीत? अगं, ती डॉक्टरीण आहे की माळीण? बाबा एका गाण्यात किडा बाहेर काढतो, आणि ही पेरणी करून पिकाची वाट बघत बसलीय!"

"आई, त्यांनी 'मला माहीत नाही' असं म्हटलं. मला ते बरं वाटलं."

"माहीत नसल्याचं कौतुक तुलाच बाई!" मावशी म्हणाली आणि कडं आणखी एक पेर वर आवळलं.

---

पुढच्या बैठकीत वाफेबाबानं हसरीच्या आई-किड्याला बाहेर काढलं. म्हणजे त्याच्या चेल्यानं पातं तापवून कोपराजवळची मोठी गाठ उभी चिरली. रक्त, पू आणि त्यात बाबाच्या चिमट्याच्या टोकाला लांबलचक पांढरा दोरा. लोकांनी डोळे मिटले. "गेली! आई गेली!" बाबा गरजला आणि जखमेवर राख दाबली.

हसरी घरी गेली ती तापानं फणफणली. हात खांद्यापर्यंत काळानिळा झाला. तिचा नवरा भट्टीवर कामाला. सगळे त्याला भट्टीवाला म्हणत. आडदांड, अबोल माणूस. तो बाबाकडे पळत गेला.

"ताप येणारच," बाबा म्हणाला. "आई गेल्यावर पिल्लं आकांत करणार नाहीत का? हॉस्पिटलात नेशील तर सुई टोचतील. सुई टोचली की किडा चवताळतो. मग मला बोल लावू नकोस."

भट्टीवाल्यानं नेलं नाही. हसरी बरळायला लागली तेव्हा शेजाऱ्यांनी हातगाडीवर घालून तिला नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात विष भिनलंय. ती परत आली नाही.

बाबा सांत्वनाला आला होता. डोळे पुसत म्हणाला, "आई-किडा काढला खरा, पण आधीच एक पिल्लू काळजात शिरलं होतं रे. आणायला उशीर केलास."

भट्टीवाल्यानं ते वाक्य उचललं आणि ते त्याच्या आत जाऊन बसलं. भेटेल त्याला तेच. "भट्टी पेटलेली होती. मी म्हटलं, एवढी पाळी संपू दे, मग बाबाकडे नेतो. मी उशीर केला." लोक मान हलवत. मावशीनंही हलवली. काय बोलणार? बाबानंच सांगितलेलं.

---

त्यानंतरच्या बैठकीच्या संध्याकाळी वाफेबाबानं मावशीच्या सुनेचा हात लांबूनच बघितला आणि डोळे मोठे केले.

"ही तर त्या अभागिनीच्याच किड्याची बहीण! पुढच्या बैठकीत चिरावं लागेल. मावशी, तू देवाची लाडकी. तुझ्या घरात उशीर व्हायला नको."

मावशीनं हात जोडले. मग त्याच बैठकीत दुसऱ्या एका पोरीची वाफ सुरू झाली. मध्ये परात, परातीत पाणी, पाण्यात वीट, विटेवर लाल तापलेली लोखंडी पट्टी. पोरीचा ओल्या फडक्यात गुंडाळलेला हात तिच्या वीतभर वर. वरून कांबळं, आणि कांबळ्यात बाबाचा हात, "औषधाची चिमूट" घेऊन. चेल्यांचे टाळ कडाडले. बाबानं सूर चढवला. मावशीनं नेहमीप्रमाणे तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

समोर हसरीची जागा रिकामी होती. बसा, बसा, उभे का राहिलात. ज्या ठिकाणी ती रोज सगळ्या बायकांना ओढून वर नेई तिथं बायका वाट बघत थांबल्या. पालुपद लंगडं पडलं. टाळ अडखळले. त्या एका श्वासापुरत्या फटीत मावशीनं ऐकलं.

तड्. तडतड. तड्.

कांबळ्याखालून. गरम तव्यावर काहीतरी फुटावं तसं.

लगेच बाबानं डोळे वटारून चेल्याकडे बघितलं, टाळ पुन्हा कडाडले, आवाज बुडाला. कांबळं निघालं. किडे. "आई गं!" सगळं जसंच्या तसं.

पण मावशी तिथं नव्हती. ती मनातल्या मनात गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती. आजवर तिच्या लक्षातच कसं आलं नव्हतं? आयुष्यभर तिनं गाऊन देव सांगणारी माणसं ऐकली होती, चांगली, बेसूर, म्हातारी, बोबडीसुद्धा. सगळी कथा गाजवत येत, पण देवाच्या नावापाशी आली की त्यांचा आवाज आपोआप खाली येई. मोठ्यानं हाक लांबच्याला मारायची असते. देव काय लांब आहे? आणि हा माणूस दर वेळी नेमका नावापाशीच ओरडतो. टाळही तिथंच. नाव त्यानं कांबळ्यासारखं वापरलं होतं. झाकायला.

घरी जाताना सून म्हणाली, "आई, तुमचा आवाज बसला का?"

"नाही," मावशी म्हणाली. "कान उघडला. उद्या त्या तुझ्या माळीणबाईकडे जाऊ."

---

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर झाकलेली काचेची बशी होती. आत करड्या-काळ्या रंगाचा सुरकुतलेला डाग वाढला होता, वाळलेल्या चामड्याच्या तुकड्यासारखा.

"हे तुमच्या सुनेच्या हातातलं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा थकलेला होता, बोलणं तुटक. "मलाही आधी किड्याचाच संशय होता. किडा नाही. बुरशी आहे."

"पावावर येते तशी?"

"तिचीच लांबची बहीण म्हणा. कुजलेल्या पानात, काडीत, मातीत असते. तिथं ती कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण काडी कातडीत घुसली की तिच्याबरोबर आत जाते आणि कातडीखालच्या बारीक वाहिन्यांमधून वर वर पसरते. म्हणून गाठी ओळीत येतात. कुणी चढत नाही, कुणाला कुणाचं काळीज गाठायचं नाही. गोळ्या आहेत. काही महिने घ्याव्या लागतील, कंटाळा येईल, पण हात बरा होईल."

"चिरायला..."

"अजिबात नाही! चिरून, राख दाबून, दुसरेच जंतू आत घालून त्या बाईला..." डॉक्टरीणबाई थांबल्या. मग सुनेच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय बांधलंय?"

"कडं. किडा वर जाऊ नये म्हणून."

बाईंनी कात्रीनं ते कापलं. खाली कातडीवर बारीक बारीक ओरखडे होते, काड्यांनी काढलेले. आणि त्या ओरखड्यांच्या मधोमध एक नवी गाठ, अजून मोहरीएवढी. ओळीत नव्हती. बाजूला.

"पेंढा कुठला?"

मावशी कापलेल्या वेणीकडे बघत राहिली. काळपट, मऊ, घट्ट, हलायला जागा नाही. तिच्याच हातची.

"मीच..." ती म्हणाली. "सगळ्यांना मीच बांधत होते, बाई."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "मावशी, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही बशीत उगवेपर्यंत नव्हतं. आता ठाऊक झालंय. आता काय करायचं ते बोला."

---

बोलायला गेलं तर खात्यात कुणी ऐकेना. "डोळ्यांनी किडे बघितलेत आम्ही, मावशी! तुझ्या डॉक्टरणीची बुरशी आम्हाला परातीत दाखव की!" आणि वाफेबाबानं आता आणखी दोन पोरींना चिरायचं ठरवलं होतं.

युक्ती सुनेची. जेवणाच्या सुट्टीत ती फळीवरच्या पांढऱ्या हातांकडे बघत बसली होती. एकाएकी म्हणाली, "आई, बाबा कुणाला शिवत नाही ना?"

संध्याकाळी आवार फुलून गेलं होतं. चिरण्याचा दिवस म्हणून भट्टीची पाळीही आली होती. भट्टीवाला भिंतीला टेकून उभा होता, दाढी वाढलेला. डॉक्टरीणबाई मागे, डोक्यावरून शाल घेऊन.

सून परातीपाशी बसली. शाल अंगभर, आणि शालीतून पुढे आलेला, ओल्या फडक्यांत बोटांपासून कोपरापर्यंत गुंडाळलेला हात.

"आधी वाफ," वाफेबाबा म्हणाला, "पिल्लं निघू देत, मग आईकडे वळू. हात थंड पडलाय का गं, बाळ? लांबूनच कळतंय मला. किड्यानं रक्त शोषलंय सगळं!"

"हो बाबा," सून म्हणाली. "दगडासारखा झालाय."

कांबळं पडलं. टाळ वाजले. बाबानं सूर चढवला. मावशीनं आज गळा पूर्ण लावला आणि बायकांना वर, आणखी वर नेलं. बाबा खूश होऊन मान डोलावत होता. देवाचं नाव आलं. त्या जागेवर मावशीनं दोन्ही हात वर केले आणि गप्प झाली. बायका तिच्याबरोबर गप्प झाल्या. पाठीमागून कुणीतरी चेल्याचे टाळ धरले.

तडतड. तड्. तडतडतड.

आवारभर ऐकू गेलं.

"काय फुटतंय, बाबा?" मावशीनं विचारलं.

"किड्यांची हाडं!" बाबा म्हणाला. जिभेला हाड नव्हतं ते त्याच्या. त्यानं झटक्यात कांबळं ओढलं. "बघा! बघा हे! एवढे तर त्या बिचारीच्या हातातूनही निघाले नव्हते!"

पाणी किड्यांनी पांढरं झालं होतं. गर्दीतून हुंदका निघाला. सून उठून उभी राहिली आणि फडकं सोडायला लागली. एक वेढा, दुसरा. शेवटचा वेढा गळून पडला आणि पाच पांढरी, गुळगुळीत, चकचकीत बोटं सगळ्यांसमोर उभी राहिली. तिनं तो चिनीमातीचा हात उंच धरला. तिचा स्वतःचा उजवा हात शालीखालून बाहेर आला.

"बसा, बसा," ती म्हणाली. "उभे का राहिलात?"

पॅकिंगच्या बायकांपैकी कुणीतरी हसायला लागली आणि हसता हसता तिचं रडू फुटलं.

वाफेबाबा गडी तयारीचा. क्षणभर त्याचा चेहरा पिठासारखा झाला, पण लगेच दोन्ही हात आभाळाकडे गेले. "अरे, डोळे उघडा! हेच तर मी सांगत होतो! किडा मातीतच आहे! तुमच्या कारखान्याची मातीच किडकी! भट्टीत जळला नाही, चिनीमातीत जिवंत राहिला, तो बाबाच्या नावानं बाहेर आला! केवढा हा चमत्कार!"

आणि खरं सांगायचं तर माणसं पुन्हा डळमळली. "मातीत असेल की..." अशी कुजबुज सुरूही झाली. आपण फसलो हे मान्य करण्यापेक्षा मातीला दोष देणं सोपं वाटतं.

तेव्हा भट्टीवाला भिंतीपासून सुटला. तो कुणाला काही बोलला नाही. परातीजवळ आला, चिमट्यानं लोखंडी पट्टी उचलली, शेगडीत पुन्हा लाल केली आणि विटेवर ठेवली. परातीतलं पाणी ओतून स्वच्छ भरलं. मग वाफेबाबाच्या कमरेची औषधाची थैली एका हिसक्यात तोडली. चेले पुढे आले, त्याच्याकडे बघितलं आणि मागे गेले.

हात नाही, कांबळं नाही, गाणं नाही. त्यानं थैलीतली चिमूट पट्टीवर टाकली.

सगळे वाकून बघत होते. तांबूस, चपटं, बारीक बी. क्षणभर ते नुसतं पडून राहिलं. मग तडकलं. एकेका बीचं टरफल फाटलं आणि आतला पांढरा कोंब वळवळल्यासारखा उलगडत उडाला नि पाण्यात पडला. शेपटी मुडपून तरंगू लागला.

"रानवांग्यासारखं एक काटेरी झुडूप असतं," डॉक्टरीणबाई पुढे येऊन म्हणाल्या, "त्याचं बी हे. प्रत्येक बीत रोपाचा इवलासा कोंब घडी घालून बसलेला असतो. चटका बसला की उडी मारून बाहेर. लोखंड तापवा, बी टाका, तुमच्या घरीही निघतील. हाताची गरज नाही, बाबाची नाही आणि देवाची तर नाहीच. आणि त्या दिवशीचा लांब किडा म्हणजे चिमट्यात धरून आणलेला साधा दोरा. तो त्या गाठीत नव्हताच."

भट्टीवाल्यानं बोट पाण्यात बुडवून एक कोंब उचलला. बोटाच्या टोकावर धरून तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"हे," तो म्हणाला. "हे तिच्या हातातून निघालं म्हणे."



त्यानं मावशीकडे बघितलं. "मावशी, मग मी उशीर केला नव्हता?"

या प्रश्नाला 'नाही' एवढंच म्हणून थांबता आलं असतं तर मावशीला बरं वाटलं असतं. पण त्यातून पुढे काय निघतं ते तिला दिसत होतं.

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "उशीर झालाच नव्हता. तिच्यापाशी भरपूर वेळ होता. नुसत्या गोळ्यांनी ती बरी झाली असती."

तो मोठा माणूस तिथंच परातीपाशी खाली बसला. आवाज न करता.

गर्दी वाफेबाबाकडे वळली तेव्हा मावशीच त्याच्या पुढे आडवी उभी राहिली. "हात लावू नका. याला चौकीवर चालत नेऊ. बोलायला याला तोंड हवं. हसरीबद्दल सगळं सांगू दे." बाबा तेव्हाही काहीतरी गुणगुणत होता. भीतीनं असेल. सूर अजून गोडच होता, आणि मावशीला त्याचंच सगळ्यात वाईट वाटलं.

---

सगळी कडी, सगळा काळा पेंढा पोलिसांना दाखवून जाळला. आता खात्यात जाड कापडी बाह्या आणि मोजे आहेत. चुरगळलेल्या कागदात हात भरतात. सुनेच्या गाठी बसताहेत, सावकाश, कंटाळवाण्या गतीनं, जसं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच. ओळीनं डाग राहतील. हात चिरून घ्यायला निघालेल्या त्या दोघी तिच्याबरोबरच गोळ्या आणायला जातात आणि वाटेत भांडतात. हसरीची जागा अजून कुणी घेतलेली नाही.

मावशीचा देवावरचा विश्वास उडाला का, असं काही जण विचारतात. का उडावा? देवानं कधी कांबळं मागितलं होतं? ज्यानं बीच्या पोटात एवढा नाजूक कोंब घडी घालून ठेवला त्याला चमत्कारासाठी वाफेबाबाची गरज नव्हती. चमत्कार तो कोंबच होता, नि तो बघायला कांबळं काढावं लागलं. म्हणून एवढंच सांगणं आहे. कुणी दुःखावर हात ठेवायला आला तर येऊ द्या, गाऊ द्या, पण त्याला म्हणा, झाकू नको. उघड्यावर कर, पुन्हा कर, रिकाम्या परातीवर कर. आणि कुणी 'मला अजून माहीत नाही, तपासून सांगतो' म्हणालं तर त्याला हसू नका. तेवढं थांबा. आणि तुम्ही उशीर केलात असं सांगून कुणी स्वतःची सुटका करून घेत असेल, तर आधी त्याच्या थैलीत हात घाला.

भट्टीवाला हल्ली पाळी सुटली की पॅकिंगच्या दारात येऊन उभा राहतो. बोलत नाही. परवा एवढंच म्हणाला, "मावशी, गा ना काही."

मावशीनं हातातलं काम ठेवलं. पुष्कळ दिवसांनी गायली. फळ्यांवरचे पांढरे हात उभे होते. बायका तिच्यामागून म्हणत होत्या. देवाचं नाव आलं, आणि मावशीचा आवाज आपोआप खाली, अगदी खाली आला. त्या शांततेत खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. कागदाची सळसळ, सुनेचा श्वास, दारातल्या माणसाचं रडणं.